'सीझन'चं प्रोफाइल नॅसवर परत चढवलं आणि एफटीपीचे शेअर रिकामे झाले. डेटा गेला का?

गच्चीवरचा_अँटेना

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मालवणात बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट साइझ हे बारमाही. पण ऑक्टोबर ते मे खरा धंदा स्कुबाच्या व्हिडिओंचा. दांडी किनाऱ्यावरचे चार आणि तारकर्लीचे दोन असे सहा स्कुबावाले आमच्याशी बांधलेले आहेत. पर्यटक पाण्याबाहेर आला की ते कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावतात, एफटीपीने (नेटवर्कवरून फाइली पाठवायची जुनी पद्धत) आमच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा) टाकतात, आम्ही कापून, गाणं लावून परत देतो. माणूस अंग पुसून सुरमईच्या ताटावर बसेपर्यंत व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर पाहिजे. एकदा का गाडी कोल्हापूरच्या वाटेला लागली की त्याला आपल्या व्हिडिओचं काही पडलेलं नसतं आणि पैसेही बुडतात.

दांडीचा स्टॉल आमच्या गच्चीवरून दिसतो, म्हणून तिथवर वायरलेस लिंक टाकली आहे, दोन्हीकडे परातीएवढे अँटेने. (मधे एका माडाचं झावळ आडवं येतं, वारा सुटला की स्पीड पडतो. मालक झाप तोडायला देत नाही. तो विषय वेगळा.) तारकर्लीवाले इंटरनेटवरून येतात.

आता प्रोफाइलचं. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा कितीतरी दिवस वीज नव्हती, आणि आली ती अशी झटका देऊन आली की नॅसच्या सेटिंग पार धुऊन गेल्या. सुदैवाने कॉन्फिगरेशनची फाइल मी आधी सहज म्हणून उतरवून ठेवली होती. ती चढवली, दहा मिनिटांत सगळं जसंच्या तसं. तेव्हापासून माझी त्या फाइलीवर रामेश्वराच्या खालोखाल श्रद्धा. मग मी डोकं चालवलं आणि दोन प्रोफाइल करून ठेवली, 'सीझन' आणि 'पावसाळा'. मे अखेर स्कुबा बंद झालं की 'पावसाळा' चढवायचं: त्यात स्कुबावाल्यांचे युजर नाहीत, एफटीपी फक्त सीसीटीव्हीच्या डीव्हीआरपुरतं, म्हणजे रेकॉर्डरपुरतं. गणपती झाले की 'सीझन'. आत्तापर्यंत बिनबोभाट चाललं.

यंदा जुलैत एक डिस्क टकटक आवाज करायला लागली. खारी हवा, दमट खोली, व्हायचंच. मोठ्या डिस्क घातल्या, नवा व्हॉल्यूम (डिस्कांवरची साठवणीची जागा) केला, डेटा हलवला. हलवता हलवता शेअरची (नेटवर्कवर दिसणाऱ्या मुख्य फोल्डरांची) इंग्रजी नावं बदलून मराठी केली. परवा सवयीप्रमाणे 'सीझन' चढवलं, आणि आता:

शेअरची नावं पुन्हा मे महिन्यातली इंग्रजी, आत शिरलं की ठणठणीत रिकामं. फक्त 'कॉमन' नावाचा एक शेअर नीट आहे, त्याचं नाव मी बदललं नव्हतं. दांडीच्या लॅपटॉपवरून लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी येत नाही, मिनिटभर फिरत बसतं आणि टाइमआउट. तारकर्लीवाल्यांचं तर जोडलंच जात नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दांडीवाल्यांतला एकजण आज लॅपटॉप घेऊन स्टुडिओत आला, इथली केबल लावली आणि मला म्हणतो, "दादानू, ह्यात खंयच्या तरी व्हकलेचे फोटो दिसतत. माझे मासे खंय गेले?" (व्हकल म्हणजे नवरी.)

लग्नाच्या एडिटिंगसाठी जुलैत एक मुलगी ठेवली आहे, 'कॉमन'मधलं ते फोल्डर फक्त तिचं होतं. तिला आता लॉगिनच होत नाही.

डेटा उडाला का? 'पावसाळा' परत चढवू का? शनिवारी बुकिंग फुल आहे.

---

ढगातला_माणूस

अजून एफटीपी? अहो क्लाउडवर टाका आणि झोपा. महिन्याला दोन-चारशे रुपये.

---

गच्चीवरचा_अँटेना

दादा, एका डाइव्हचा व्हिडिओ तीनशे-साडेतीनशे एमबी, रविवारी असे शंभर. दांडीवर मोबाइलला रेंज दोन कांडी. एकदा इकडे या, वाळूत उभं राहून अपलोड करून दाखवा, स्कुबा माझ्याकडून फुकट.

---

हापूस_रूट

दादा, आधी माउसवरून हात काढा. 'पावसाळा' चढवू नका, 'सीझन' पुन्हा चढवू नका, आणि रिकाम्या दिसणाऱ्या शेअरमध्ये एकही फाइल टाकू नका.

(मी देवगडची. पुण्यातल्या कंपनीचं स्टोरेज घरून सांभाळते, एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्याही सांभाळते. असले प्रकार दोन्हीकडे पाहिले आहेत.)

डेटा बहुतेक जागेवर असणार. त्या कॉन्फिगरेशनच्या फाइलीची साइझ बघा, फार तर थोडे एमबी भरेल. एवढ्याशा डबीत तुमचे व्हिडिओ कुठून मावणार आणि कुठून पुसले जाणार? तिच्यात असतात युजर, ग्रुप, शेअरची यादी, कोणाला कुठे परवानगी, आणि एफटीपीसारख्या सर्व्हिसेसच्या सेटिंग. माझा अंदाज असा: नॅसने मे महिन्याची यादी वाचली, त्यातल्या इंग्रजी नावांचे शेअर नव्या व्हॉल्यूमवर सापडले नाहीत, म्हणून त्या नावांचे कोरे बनवले. तुमचे मराठी नावांचे शेअर त्या यादीत नव्हते, म्हणून ते दाखवणं बंद केलं. फोल्डर मात्र डिस्कवर तशीच पडलेली असतील. स्टोरेजच्या पानावर व्हॉल्यूम किती भरलाय ते बघा. परवा होता तेवढाच भरलेला दिसला तर निवांत जेवून घ्या. मग एसएसएच (कमांड लिहून नॅसच्या आत शिरायची वाट) चालू करून ॲडमिनने आत जा आणि व्हॉल्यूमच्या मुळाशी कोणती फोल्डर आहेत ते नुसतं वाचा. हलवाहलव नको.

व्हकलेच्या फोटोंनी मात्र मी दचकले. नॅसच्या पोटात लिनक्स असतं, आणि लिनक्स फाइलीवर मालकाचं नाव लिहीत नाही, आकडा लिहितं. शाळेतल्या हजेरीपटासारखं समजा. पोर शाळा सोडून गेलं, त्याचा नंबर नव्या पोराला दिला, वह्यांवर मात्र नुसते नंबर. तुमचं झालंय ते असं: 'पावसाळा' चढवलंत तेव्हा दांडीवाल्याचा युजर गेला, आकडा मोकळा झाला. जुलैत त्या मुलीचा युजर केलात, तिला तोच आकडा मिळाला. तिच्या सगळ्या फाइलींवर तो बसला. आता मे महिन्याचा पट परत आणलात, त्यात त्या आकड्यापुढे दांडीवाल्याचं नाव आहे आणि मुलीचं नावच नाही. नॅसच्या हिशेबाने व्हकल त्याचीच! तो भला माणूस, येऊन सांगितलं. लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत हे, आज रात्रीच त्याचा युजर तात्पुरता बंद करा.

उपाय क्रमाने सांगते. एक, आत्ता जी बिघडलेली अवस्था आहे तिचीही कॉन्फिगरेशन फाइल उतरवून ठेवा, हसू नका. दोन, जुलैतल्या डिस्क-बदलानंतरची एखादी फाइल कुठे आहे का शोधा. बरेच नॅस आपोआप ठेवतात, नाहीतर तुमच्या मेलमध्ये, पेन ड्राइव्हवर. ती मिळाली तर फक्त ती चढवायची. तीन, नाहीच मिळाली तर हाताने: मराठी नावाचे शेअर परत नोंदवा आणि एसएसएचमधून फोल्डरांची मालकी आकड्याने नीट लावून घ्या.

आणि रागावू नका, पण मूळ घोळ दोन प्रोफाइल ठेवण्यातच आहे. ती फाइल म्हणजे त्या दिवशी घर कसं होतं याचा फोटो. तुम्ही तिचा दिव्याच्या बटणासारखा वापर केलात. पावसाळ्यात ट्रॉलर वर ओढतात, मधल्या दोन महिन्यांत त्याचं इंजिन उतरतं, फळ्या बदलतात. नारळी पौर्णिमेला कोणी मे मधला फोटो समोर धरून ट्रॉलर परत जुना करतं का? इतकी वर्षं चाललं कारण पावसाळ्यात तुम्ही काही बदलतच नव्हता. यंदा बदललंत.

सीझन-पावसाळ्यासाठी एकच करा: स्कुबावाल्यांचा एक ग्रुप. एफटीपीची परवानगी त्या ग्रुपला. मे अखेर ग्रुपची टिक काढायची किंवा युजर डिसेबल करायचे. डिलीट कधीच नाही. डिसेबल केलेल्याचा आकडा त्याच्याच नावावर राहतो.

---

वाशिष्ठीकाठ

ताईंना अनुमोदन. एकच भर घालतो.

चिपळूणला आमचं डीटीपीचं दुकान तळमजल्यावर. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी शिरलं, नॅस टेबलावर होता, टेबलासकट बुडाला. डेटाची एक प्रत बहिणीकडे होती, त्यामुळे डेटा वाचला. पण कॉन्फिगरेशनची फाइल? ती मी नीट नाव-तारीख घालून, वेगळं फोल्डर करून जपली होती. नॅसवर. चौदा युजर आणि त्यांच्या परवानग्या आठवून आठवून लिहायला आठवडा गेला, आणि एक गिऱ्हाईक अजून म्हणतं की माझं फोल्डर आधी मोठं होतं.

फाइल स्वतःला मेल करा. नावात तारीख आणि 'कोणत्या बदलानंतर' ते लिहा. 'सीझन' हे काय नाव झालं?

---

जुना_मोडेमवाला

रत्नागिरीहून. टेलिफोन खात्यातून निवृत्त, आता नातवाचं वायफाय सांभाळतो.

दांडीच्या टाइमआउटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. लॉगिन होतं आणि यादीवर गाडी अडते, हे लक्षण म्हणजे एफटीपीचा जुना आजार. एफटीपीला दोन वाटा लागतात. पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार. पोर्ट २१ वर नुसतं बोलणं चालतं: मी अमुक, माझा पासवर्ड तमुक, यादी दे. प्रत्यक्ष माल दुसऱ्या वाटेने येतो, आणि फोल्डरची यादी हासुद्धा मालच धरला जातो. जेटीवर लिलाव एका बाजूला पुकारतात, टोपली दुसऱ्या बाजूने निघते, तसं. बोलण्याची वाट उघडी, मालाची बंद, म्हणून तुमचं हे असं होतं.

पूर्वी, म्हणजे ॲक्टिव्ह पद्धतीत, सर्व्हर (इथे तुमचा नॅस) स्वतः पोर्ट २० वरून उलटा तुमच्या लॅपटॉपला गाठायचा. आता मधे राउटर-फायरवॉल (कोणतं पोर्ट उघडं, कोणतं बंद ते ठरवणारा पहारेकरी) असल्याने ते सहसा जमत नाही, म्हणून पॅसिव्ह: सर्व्हर सांगतो, अमक्या पोर्टावर ये. कुठल्या पोर्टावर बोलावतोय ते बघणं सोपं आहे. दांडीच्या लॅपटॉपवर फाइलझिला (एफटीपीचं सॉफ्टवेअर) असेल तर वरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, २२७ ने सुरू होणारी ओळ शोधा. कंसात सहा आकडे असतात. पहिले चार म्हणजे नॅसचा पत्ता. पाचव्याला २५६ ने गुणा, त्यात सहावा मिळवा. तो पोर्ट नॅसच्या फायरवॉलमध्ये उघडा आहे का बघा. पुष्कळ नॅसमध्ये फायरवॉलचे नियम कॉन्फिगरेशनच्या फाइलीत येत नाहीत, म्हणजे एफटीपी मे मध्ये गेलं आणि फायरवॉल जुलैतच राहिलं, असं असू शकतं.

जाता जाता: एफटीपीचा पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ चा, लिहिणारे अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा अमेरिकेत एमआयटीला होते. म्हणजे आपल्याच माणसाचं पोर आहे हे. आज चालतं ते रूप ऑक्टोबर १९८५ चं. तेव्हा ना घरोघरी राउटर होते, ना कुणी वाटेत कान लावून बसलेलं, म्हणून पासवर्ड उघडाच जातो. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपीला घराबाहेर काढलं ते काही उगाच नाही. तुमच्या दांडीच्या लिंकवर ठीक आहे, लिंकला स्वतःचा पासवर्ड असेल तर. तारकर्लीसाठी इंटरनेटवरून साधं एफटीपी मुळीच नको.

---

गच्चीवरचा_अँटेना

काका, तुमच्या पाया पडतो. ओळ सापडली: १९२,१६८,१०,५,१९५,८०. कॅल्क्युलेटर काढला, १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९९२०, अधिक ८०, बरोब्बर ५००००. फायरवॉलमध्ये दांडीच्या लिंकला उघडे आहेत ५५००० ते ५५०५०. जुलैत नवा राउटर बसवायला आलेल्या पोराने दोन्हीकडे ५५००० केलं होतं, मे च्या प्रोफाइलने एफटीपी परत ५०००० वर नेलं. स्टुडिओच्या नेटवर्कला फायरवॉलमध्ये सगळं मोकळं आहे, म्हणून त्याला इथल्या केबलवर यादी दिसली. एफटीपीत ५५००० लिहिलं, दांडीवरून यादी आली. रिकामी, पण आली!

ताई, व्हॉल्यूम परवा होता तेवढाच भरलेला आहे. मी खरंच जेवलो. एसएसएचमधून पाहिलं, मराठी फोल्डर जागच्या जागी आहेत. दांडीवाल्याचा युजर बंद केला आणि त्याला फोन करून कारण सांगितलं. तो म्हणाला, "बरां झाला, बायकोन बघितल्यान असता तर माझा काय खरा नाय हुता."

जुलैची फाइल शोधतोय. नॅसमध्ये आपोआप ठेवलेली एकही नाही, ते चालूच केलेलं नव्हतं. राउटरवाल्या पोराला विचारलं, तो म्हणतो काम झाल्यावर मी एक फाइल उतरवली होती, तुमच्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर डाउनलोडमध्ये असेल. डाउनलोडमध्ये चार हजार फाइली आहेत, निम्म्या आधार कार्डाच्या पीडीएफ. बसतो.

आणखी एक. दांडीच्या एका लॅपटॉपवर मराठी फोल्डरची नावं नुसती प्रश्नचिन्हं दिसायची, हे जुलैतल्या चाचणीतही झालं होतं. नावं मराठी करणं चुकलं का?

---

हापूस_रूट

चुकलं नाही, पण त्याचा हिशेब ठेवायला लागतो. प्रश्नचिन्हांसाठी नॅसच्या एफटीपी सेटिंगमध्ये अक्षरसंचाचा पर्याय असेल, तिथे यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी पद्धत) करा, आणि त्या लॅपटॉपच्या फाइलझिलात त्या साइटपुरतं यूटीएफ-८ सक्तीचं करा. एका बाजूने करून भागत नाही.

दुसरं लांबीचं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, आणि काना-मात्रा-पायमोडका हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'स्कुबा' दिसायला दोन अक्षरं, पण स, हलन्त, क, उकार, ब, काना अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे ८५ चिन्हं, तेवढी पुरतात. पण शेअर एन्क्रिप्ट केलेला (कुलूपबंद) असेल तर काही नॅसवर मर्यादा १४३ बाइटवर येते, मराठीत ४७ चिन्हं. 'देवबाग संगम डॉल्फिन आणि स्कुबा कॉम्बो' असल्या नावापुढे गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव आणि गाव लिहायला गेलात की तिथे कापलं जाईल आणि एरर मात्र भलताच काहीतरी येईल. म्हणून मी शेअरचं नाव मराठी ठेवते, आतल्या फाइली तारीख आणि नंबर.

तारकर्लीचं काय झालं?

---

जुना_मोडेमवाला

तारकर्लीचं मी सांगतो, प्रोफाइलशी त्याचा संबंध नसावा. नवा राउटर म्हणजे नवं कनेक्शनही घेतलंत का? राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर कंपनीने तुम्हाला स्वतःचा पत्ता दिलेलाच नाही, शेकडो गिऱ्हाइकांना एका पत्त्यामागे बसवलंय. मग पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून आलेलं नॅसकडे वळवून) काहीही होणार नाही. स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतःचा पत्ता) मागा, किंवा व्हीपीएन (इंटरनेटमधून खासगी बोगदा) लावा. आणि एफटीपीऐवजी एसएफटीपी, पोर्ट २२. नाव सारखं असलं तरी ती वेगळी चीज आहे, सगळं एकाच वाटेने जातं आणि बंद पाकिटात. एफटीपीएस ही तिसरीच, ती म्हणजे जुनंच एफटीपी कुलूप लावून. दुकानदार तिन्हींना एकच समजतात, तुम्ही समजू नका.

---

गच्चीवरचा_अँटेना

काका, १००.८१ आहे. जुलैत जुनी केबल वादळात तुटली, म्हणून नवं कनेक्शन घेतलं होतं. म्हणजे तारकर्लीवाले जुलैपासूनच तुटलेले होते, पावसाळा असल्यामुळे कोणाला कळलंच नाही. स्टॅटिक आयपीचा अर्ज टाकला, सोमवारपर्यंत बघू म्हणालेत. तोवर त्यांचा पोरगा मोटरसायकलवरून कार्ड आणून देणार.

फाइल मिळाली! 'डाउनलोड'मध्येच होती, आधार कार्डांच्या मधे. नाव काय तर नॅसचा मॉडेल नंबर आणि जुलैची तारीख. आधी बिघडलेल्या अवस्थेची फाइल उतरवली (हसलो नाही), मग जुलैची चढवली. मराठी शेअर परत आले, आत सगळं आहे, मुलीला लॉगिन होतंय, व्हकल फक्त तिलाच दिसते. स्कुबावाल्यांचे सहा युजर नव्याने केले, नवे आकडे पडले, 'दर्या' नावाचा ग्रुप केला आणि एफटीपीची टिक त्या ग्रुपला. आज दुपारी दांडीवरून पहिला व्हिडिओ आला, ३४० एमबी, झावळ हलत असूनही.

फाइलीच्या दोन प्रती मेल केल्या, एक बहिणीला गोव्याला. तिने विचारलं, हे काय उघडत नाही. म्हटलं उघडू नको, नुसती ठेव.

फक्त एक कळलेलं नाही. 'कॉमन'मध्ये तीन फाइली आहेत, मालकाच्या जागी नुसता १०३४. यादीत त्या आकड्याचा कोणी नाही. काढून टाकू?

---

हापूस_रूट

काढायच्या आधी तारीख बघा. आणि मे च्या 'सीझन'मध्ये युजर किती होते ते आठवा. सहा स्कुबावाले, डीव्हीआर, तुम्ही, अजून कोण?

---

गच्चीवरचा_अँटेना

तारीख एप्रिल. फाइली 'टेस्ट१', 'टेस्ट२', 'टेस्ट२ नवीन'.

मीच की हो. दांडीची लिंक तपासायला 'टेस्ट' युजर केला होता. तारकर्लीसाठी इंटरनेटवरून एफटीपी उघडं होतं त्या सगळ्या दिवसांत तो चालूच होता, पासवर्डही टेस्ट.

---

जुना_मोडेमवाला

एप्रिलपासूनचा एफटीपीचा लॉग काढा. आत्ता.